जवाच्या मद्याची जत्रा

केंब्रिज हें गांव आपल्याकडील सुशिक्षित घरांना परकें नाहीं. न्यूटन तेथें शिकला, डार्विन तेथें शिकला, आणि १८९९ सालीं रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांनीं गणितांतील सीनियर रँग्लरचा मान मिळवून या गांवाचें नांव महाराष्ट्रांत घरोघर पोंचविलें. परंतु विद्येच्या या माहेरघरीं मे महिन्यांत एक जत्राही भरते, आणि तिची वार्ता इकडे क्वचितच कोणी आणतो. कॅम नदीच्या कांठीं जीझस ग्रीन म्हणून एक विस्तीर्ण हिरवळ आहे. त्या दिवसांत तिच्यावर मोठमोठे तंबू उभे राहतात. तंबूंत घडवंच्यांवर पिंपांच्या रांगा आडव्या निजविलेल्या असतात. आणि दोनशेंच्या घरांत जाणाऱ्या प्रकारांची बिअर, म्हणजे जवापासून केलेलें सौम्य मद्य, चाखून पाहण्यासाठीं हजारों माणसें येतात.

मद्याची जत्रा म्हटली कीं आपल्या डोळ्यांपुढें झोकांड्या, शिव्या आणि पोलीस यांचें चित्र उभें राहतें. प्रत्यक्षाशीं त्याचा मेळ सहसा बसत नाहीं. दुपारच्या वेळीं आंत शिरणाऱ्या नवख्या पाहुण्याला प्रथम दिसतात तीं पिकल्या केसांचीं माणसें. हातांत पेन्सिल व छापील यादी घेऊन, उत्तरपत्रिका तपासणाऱ्या मास्तरांच्या गांभीर्यानें तीं एकेका नांवापुढें खूण करीत असतात. सायंकाळीं गर्दी वाढते, आवाज चढतो, आणि कोणाच्या हातून पेला पडून फुटला कीं सारा तंबू एकमुखानें जयघोष करतो, हें खरें. पण पेले भरून देणारा एकही इसम पगारी नोकर नसतो. कोणी शिक्षक, कोणी कारकून, कोणी निवृत्त इंजिनियर. आपली रजा खर्चून हीं माणसें पिंपें उचलतात आणि फरशा पुसतात. मद्य विकण्यासाठीं फुकट राबणें ही गोष्ट आपल्याला चमत्कारिक वाटते, आणि ती आहेही. तिचें कारण समजण्यासाठीं थोडें मागें गेलें पाहिजे.

१९६० नंतरच्या दशकांत इंग्लंडांतील लहान लहान ब्रुअऱ्या, म्हणजे बिअर बनविणारे कारखाने, भराभर मोठ्या कंपन्यांच्या पोटांत गेले आणि बहुतेक धंदा सहा बड्या कंपन्यांच्या हातीं आला. देशभर माल पाठवावयाचा तर तो टिकाऊ हवा. म्हणून बिअर गाळून, तापवून निर्जंतुक करून, आणि वरून कर्बाम्लवायु कोंडून बंद पिंपांत भरण्याची रीत सर्रास सुरू झाली. तिचे फायदे उघड होते. ती नासत नसे, गड्याला तिची निगा राखावी लागत नसे, आणि लंडनचा पेला व लिव्हरपूलचा पेला यांत तिळमात्र फरक नसे. ज्यांना गांवोगांवच्या चवींत रस होता त्यांचें दुःख नेमकें हेंच होतें. कोणत्याही गांवीं जा, भाकरी एकाच गिरणीच्या पिठाची आणि लोणचें एकाच बरणीचें, असें झालें तर खाणाऱ्याचें पोट भरेल. पण मुलखा-मुलखांतला फरक जिभेला कळावयाचा बंद होईल.

१९७१ सालीं आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर सुटी घालविणाऱ्या चार इंग्रज तरुणांनीं या गोष्टीविरुद्ध एक संस्था काढण्याचें ठरविलें. मायकेल हार्डमन, ग्रॅहम लीज, बिल मेलर आणि जिम मॅकिन हीं त्यांचीं नांवें. आरंभीं थट्टेचाच भाग अधिक होता. परंतु थट्टा अंगाशीं आली, आणि १९७३ पासून ‘कँपेन फॉर रिअल एल’ हें नांव धारण करणारी ही संस्था, जिला लोक ‘कॅमरा’ म्हणतात, वाढतां वाढतां लाखाहून अधिक सभासदांची झाली. ‘एल’ हा बिअरचा जुना इंग्रजी प्रकार. १९७४ सालीं या मंडळींनीं केंब्रिजच्या कॉर्न एक्स्चेंजमध्यें, म्हणजे धान्याच्या जुन्या बाजारघरांत, बिअरची जत्रा भरविली. दुसऱ्या वर्षीं लंडनला कॉव्हेंट गार्डन येथें भरविली. आणि १९७७ पासून अखिल ब्रिटनची मोठी जत्रा सुरू झाली. केंब्रिजची जत्रा मात्र गांवचीच राहिली. कॅमराची स्थानिक शाखा ती भरविते, आणि आसपासच्या परगण्यांतल्या ब्रुअऱ्यांना तींत मानाचें स्थान असतें.

आतां ही ‘खरी’ एल म्हणजे काय? ज्या घरांत नाचणीला मोड आणून सत्त्व काढतात, त्या घरांतील गृहिणीला या विद्येचा पहिला धडा शिकवावा लागणार नाहीं. जव भिजवून त्याला मोड आणतात व ते भट्टींत सुकवितात. यालाच माल्ट म्हणतात. मोड येतांना दाण्यांत कांहीं विशिष्ट द्रव्यें तयार होतात. भरडलेला माल्ट सुमारें ६५ अंश सेंटिग्रेडच्या पाण्यांत तासभर ठेवला, कीं हीं द्रव्यें पिठाची साखर करतात. ती गोड पेज गाळून हॉप नांवाच्या वेलीच्या फुलांबरोबर उकळतात. हॉप ही भांगेच्या कुळांतली वेल. मात्र तिला भांगेचा गुण नाहीं. तिच्या मादीफुलांत कडवट राळ व सुवासिक तेल असतें. राळेनें पेजेची गोडी मारली जाते व ती लवकर नासत नाहीं; तेलानें तिला वास येतो. पेज निवाली कीं तींत यीस्ट घालतात. हे सूक्ष्म जीव साखर खातात आणि मद्यार्क व वायु सोडतात. उन्हाळ्यांत आंबोळीचें पीठ रात्रीं भांड्याबाहेर कां येतें हें ज्यानें पाहिलें आहे, त्याला हा वायु काय करूं शकतो तें सांगावयास नको.

साधारण कारखान्यांत गोष्ट येथेंच संपते. यीस्ट गाळून टाकतात. खऱ्या एलच्या बाबतींत ती अर्धी झालेली असते. थोडें जिवंत यीस्ट व थोडी उरलेली साखर यांसह बिअर पिंपांत भरली जाते आणि तेथें ती पुन्हा हळू हळू आंबते. म्हणजे जत्रेंत येतें तें तयार पेय नसतें, जिवंत वस्तु असते. म्हणूनच दार उघडण्याच्या कितीतरी आधीं तंबूंत काम सुरू होतें, आणि जत्रेचा खरा कारभार पाहुण्याच्या दृष्टीआडच होतो असें म्हटलें तरी चालेल.

सर्वांत प्रचारांतलें पिंप नऊ गॅलनांचें, म्हणजे सुमारें एकेचाळीस लिटरांचें. त्यांत बहात्तर पाइंट मावतात. पूर्वीं तें ओकच्या लांकडाचें असे. हल्लीं बहुधा पोलादाचें असतें. तें आडवें ठेवून पाचरींनीं पक्कें करतात, कारण एकदां निजविल्यावर त्याला धक्का लागतां कामा नये. वरच्या अंगाच्या बुचांत मऊ लांकडाची सच्छिद्र खुंटी ठोकतात. ठोकतांच ती फसफसते. आंत साठलेला जादा वायु तिच्यांतून सुटूं लागतो. हा फेस किती वेळ येतो, केव्हां मंदावतो, यावर अनुभवी माणसाचें लक्ष असतें. वेळ साधली कीं तो मऊ खुंटी काढून तेथें कठीण खुंटी बसवितो, म्हणजे उरलेला वायु आंतच राहतो. लवकर बसविली तर बिअर उसळते. उशीर झाला तर ती शिळ्या पाण्यासारखी मरगळते. मग समोरच्या अंगाला लांकडी हातोड्याच्या एका नेमक्या घावानें तोटी ठोकावयाची. घाव कचरला तर तो मनुष्य न्हाऊन निघतो, आणि अशा स्नानाचे साक्षीदार त्याला वर्षभर तें विसरूं देत नाहींत.

पिंपांतील गाळ तळाशीं बसावा म्हणून पुष्कळ ब्रुअऱ्या एक द्रव घालतात. तो माशाच्या वाताशयापासून, म्हणजे पोटांतील हवेच्या पिशवीपासून, करतात. आपल्या किनाऱ्यावरचे कोळी घोळ माशाच्या ज्या पिशवीला ‘बोत’ म्हणतात व जिला सोन्याचा भाव येतो, त्याच जातीची ही वस्तु. हा द्रव गाळाबरोबर खालीं जातो खरा, परंतु कडकडीत शाकाहारी माणसाचें एवढ्यानें समाधान होत नाहीं. म्हणून आतां कित्येक ब्रुअऱ्या हें द्रव्य न घालतां थोडी गढूळ बिअर तशीच विकतात आणि तसें पाटीवर लिहितात. गढूळपणा म्हणजे नासकेपणा, हा जुना समज त्यामुळें सुटत चालला आहे.

पिंपें सुमारें बारा-तेरा अंशांवर ठेवावीं लागतात. मे महिन्यांतील इंग्लंडची दुपार त्याहून उष्ण असूं शकते, आणि तंबूचें कापड तर अधिकच तापतें. यासाठीं आजकाल पिंपांवर थंड पाणी खेळविणाऱ्या झुली पांघरतात. पूर्वीं ओलीं गोणपाटें टाकीत. ओल्या फडक्यांत गुंडाळलेला आपला रांजण ज्या न्यायानें गार राहतो तोच न्याय तेथें लागू होता. त्याचें श्रेय कोणाला द्यावयाचें हा प्रश्न मात्र कोणीच काढीत नाहीं.

आतां पाहुण्याकडे वळूं. दारांत त्याला अनामत घेऊन पेला मिळतो. या पेल्यावर तीन रेघा असतात: एक तृतीयांश पाइंट, अर्धा पाइंट, पूर्ण पाइंट. पूर्ण पाइंट ५६८ मिलिलिटरांचा. वरची रेघ कांठाच्या बरीच खालीं असते, म्हणजे फेस रेघेच्या वर राहतो व माप बिअरचेंच भरतें. साध्या पबांत कांठोकांठ भरलेल्या पेल्यांत फेसाचेंही पैसे द्यावे लागतात, ही कॅमराची जुनी तक्रार आहे. दुधांत पाणी घालणाऱ्या गवळ्याशीं ज्या माउल्यांनीं पहांटे तंटे केले आहेत, त्यांना तिचें मर्म सहज कळेल.

जाणता पाहुणा तृतीयांशाच्या वर जात नाहीं. तो फिक्या व सौम्य प्रकारापासून आरंभ करतो आणि काळ्या, जड प्रकारांकडे शेवटीं वळतो. कारण गोड शिऱ्यानंतर चहा पिळकवणी लागावा तसें उलट क्रमानें होतें. तो प्रथम रंग पाहतो. रंग बहुतेक माल्टच्या भाजणीवर ठरतो. १८१७ सालीं डॅनियल व्हीलर यानें माल्ट भाजण्याच्या फिरत्या पिंपाचें पेटंट घेतलें, आणि पोर्टर व स्टाउट या काळ्या बिअरींचा आजचा रंग त्या भाजणीचा आहे. त्यांना येणारा कॉफीचा वास याच कारणानें येतो, कॉफी घातली म्हणून नव्हे. मग पेला किंचित् फिरवून तो हुंगतो, आणि नंतर घोट घेतो. जिभेच्या शेंड्याला गोड कळतें व मागच्या भागाला कडू, अशी एक आकृति पिढ्यान्‌पिढ्या शाळेच्या फळ्यावर काढली गेली. ती चुकीची आहे. जिभेच्या सर्वच भागांना सर्व चवी कळतात. आणि आपण ज्याला स्वाद म्हणतों तो बव्हंशीं नाकाचा व्यापार आहे. घोट गिळतांना वास घशाच्या मागून वर नाकांत चढतो. पडशानें नाक चोंदलें असतां आमटी बेचव कां लागते, याचें उत्तर तेंच.

दोष ओळखणें हा पारखीचा अवघड भाग. लोण्याचा वास येत असेल तर डायअॅसिटिल नांवाचें द्रव्य यीस्टनें पुरतें शोषून घेतलें नाहीं असें समजावें. मात्र कांहीं जुन्या एलींत तो थोडा असणें हा गुणच मानतात, त्यामुळें नवख्यानें लगेच तोंड वांकडें करूं नये. भिजलेल्या पुठ्ठ्याचा वास म्हणजे हवा लागून शिळी झालेली बिअर. शिरक्याचा आंबटपणा बहुधा उघडें पिंप फार दिवस राहिल्याचें लक्षण. उन्हांत ठेवलेल्या पेल्याला कांहीं मिनिटांतच एक उग्र दर्प येतो. प्रकाशानें हॉपच्या कडवट द्रव्याचें रूपांतर होऊन तो उत्पन्न होतो, आणि बिअरच्या बाटल्या तपकिरी कांचेच्या कां असतात याचा उलगडा येथें होतो. चांगल्या हॉपच्या वासांत मात्र कधीं लिंबाची साल, कधीं पिकलेला आंबा, कधीं गुलाब भासतो. हा निव्वळ कविकल्पनेचा भाग नव्हे. गुलाबांत जें जिरॅनिऑल असतें तें हॉपच्या तेलांतही सांपडतें. दोन प्रकारांच्या मध्यें पाव व पाणी घ्यावें. पाणी मागतांच तें फुकट दिलें पाहिजे असा तेथील परवान्यांचा नियमच आहे. तंबूंत चीजचें एक दुकानही असतें, आणि तेथें पिणारांपेक्षां कधीं कधीं गर्दी जास्त.

या यादींत एक नांव आपल्या देशाचें आहे: ‘इंडिया पेल एल’. अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनच्या बो भागांतील जॉर्ज हॉजसन यांच्या ब्रुअरींतून ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांवर पिंपें चढत आणि आफ्रिकेला वळसा घालून, दोन वेळां विषुववृत्त ओलांडून, मुंबई, मद्रास व कलकत्ता येथें उतरत. ही बिअर त्यांनीं हिंदुस्थानासाठीं मुद्दाम शोधून काढली, ही लोकप्रिय गोष्ट खरी नव्हे; भरपूर हॉप घातलेली फिकी बिअर इंग्लंडांत आधींच होत असे. प्रवासांत ती नासण्याऐवजीं मुरली, एवढेंच. पुढें १८२० नंतर बर्टन-ऑन-ट्रेंट या गांवच्या ब्रुअऱ्यांनीं हा व्यापार काबीज केला, कारण तेथील विहिरींच्या पाण्यांत जिप्सम आहे, आणि त्यानें हॉपचा कडूपणा स्वच्छ व ठसठशीत उतरतो. विसाव्या शतकांत हा प्रकार इंग्लंडांत पातळ होत होत जवळजवळ नाममात्र उरला. त्याला पुन्हा उजाळा मिळाला तो अमेरिकेंत. तेथें १९७८ सालीं अध्यक्ष कार्टर यांनीं घरगुती बिअर करण्यास मुभा देणाऱ्या कायद्यावर सही केली, आणि परसांतल्या भांड्यांतून ‘क्राफ्ट’ म्हणजे हस्तकौशल्याच्या बिअरची चळवळ फोफावली. इंग्लंडांतही २००२ मध्यें लहान ब्रुअऱ्यांचा कर कमी झाल्यावर त्यांची संख्या झपाट्यानें वाढली. २०२० च्या महामारीनंतर मात्र पब व ब्रुअऱ्या बंद पडण्याचा क्रम लागला आहे. ज्या ब्रुअरीची बिअर यंदा यादींत आहे ती पुढील वर्षीं असेलच, असें तंबूंतलें कोणीही छातीठोकपणें सांगत नाहीं. आणि फुकट राबणाऱ्या त्या कारकुनांच्या हातांत जी तत्परता दिसते तिच्या मुळाशीं ही धास्तीही आहे.

महाराष्ट्राशीं या विषयाचा एक गमतीचा धागा जुळतो. नाशिकजवळच्या देवळालीस ब्रिटिश फौजेची छावणी होती. मुदत संपलेले शिपाई तेथें मायदेशच्या जहाजाची वाट पाहत राहत. हंगामांतलें अखेरचें जहाज चुकलें तर महिनेंच्या महिने कंठावे लागत. कंटाळ्यानें व उन्हानें भ्रमिष्ट झालेल्या शिपायाला ‘देवळालीचा ताप’ झाला असें म्हणत, आणि इंग्रजी तोंडांत त्याचें ‘डूलाली टॅप’ झालें. वेडसर या अर्थीं ‘डूलाली’ शब्द इंग्रजींत अद्यापि चालतो. २००९ सालीं पुण्यांत बिअर बनविणारी एक लहान मायक्रोब्रुअरी निघाली, देशांतील अगदीं पहिल्यांपैकीं. तिनें हेंच नांव घेतलें. मराठी गांव आणि मराठी ताप इंग्लंडला जाऊन, इंग्रजी होऊन, बिअरच्या पाटीवर परत आले.

पिण्याच्या हिशेबाकडे डोळेझांक करून मात्र चालणार नाहीं. इंग्लंडांत दहा मिलिलिटर शुद्ध मद्यार्काला एक युनिट म्हणतात, आणि २०१६ पासून तेथील वैद्यकीय अधिकाऱ्यांचा सल्ला स्त्री-पुरुष दोघांनाही आठवड्यांत चौदा युनिटांच्या वर न जाण्याचा आहे. तृतीयांश पाइंट म्हणजे सुमारें १८९ मिलिलिटर. बिअरमध्यें मद्यार्क शेंकडा पांच धरला तर त्यांत साडेनऊ मिलिलिटर, म्हणजे जवळजवळ एक युनिट. सहा प्रकार चाखले कीं आठवड्याच्या शिध्यांतला दोन-पंचमांश संपला. यादींतले दोनशेंही प्रकार चाखण्याची प्रतिज्ञा कोणी केलीच, तर १८९ युनिटें, म्हणजे साडेतेरा आठवड्यांचा शिधा लागेल. आणि जत्रा आठ दिवसांच्या आंतच उठते. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२३ मध्यें मद्याचें पूर्ण निर्धोक असें कोणतेंच प्रमाण नाहीं, असें स्पष्ट सांगितलें आहे. सौम्य मद्य म्हणून बिअरला त्यांतून सूट नाहीं. आपल्याकडे १९४९ च्या दारूबंदी कायद्यानें परवान्याची अट घातली आहे. तेथें अट नसली तरी पिऊन गाडी हांकणाऱ्याला सोडीत नाहींत. म्हणून जत्रेला येणारे बहुतेक लोक पायीं किंवा आगगाडीनें येतात. केंब्रिज हें सायकलींचें गांव. पण तेथेंही पिऊन सायकल हांकणें गुन्हाच आहे. कित्येक जण सायकल हातांत धरून चालत घरीं जातात.

शेवटच्या दिवशीं तंबूचें रूप पालटलेलें असतें. नामांकित प्रकार पूर्वींच संपलेले असतात व त्यांच्या पिंपांवरील पाट्या उलट्या करून ठेवलेल्या असतात. पिंप एकदां उघडलें कीं तीन-चार दिवसांतच तें उतरूं लागतें. म्हणून उरलेल्यांतलें कोणतें अद्यापि चांगलें आहे हें पाहण्यासाठीं आडोशाला उभा असलेला गडी अधूनमधून एक घोट घेऊन पाहतो, आणि एखाद्या पिंपाची तोटी निमूटपणें बंद करतो. मग पाचरी निघतात, झुलींतलें पाणी सोडून देतात, रिकामीं पिंपें आपापल्या ब्रुअरीचें नांव शोधून ढिगाऱ्यांत लावलीं जातात. पाहुणे दारांत पेला परत करून अनामत मागून घेतात. कोणी कोणी तो रुमालांत गुंडाळून घरीं नेतात, कारण त्यावर त्या वर्षाचा सन छापलेला असतो.